दोन माद्या, चार लाख पोरं: भोगावतीकाठच्या एका हॅचरीचं प्रकरण

२०२२ चा आखाड. फोनवर माशांची हॅचरी चालवणाऱ्या तात्यांचा थोरला पोरगा होता आणि मागं क्रेट आपटल्याचा आवाज येत होता. "सर, रोहू वाढंना झालाय. गिऱ्हाईक नुसतं बोंबलतंय. एकजण डीएनए टेस्ट केलेले ब्रूडर देतो म्हणतोय, तिप्पट दरानं. घ्यावं का?"

ब्रूडर म्हणजे वीण काढायला राखलेले नर-मादी. रविवारी येतो, तोवर पैसे देऊ नका, एवढंच मी सांगितलं.

हॅचरी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठावर. गावाचं नाव आणि माणसं ओळखू येतील अशा खुणा मी इथं गाळल्या आहेत. एक गोल चायनीज हॅचरी (अंडी उबवायचा फिरत्या पाण्याचा हौद), ब्रूडरची दोन तळी, नर्सरीची पाच. पावसाळ्यात जिरं (जिऱ्याएवढी पिल्लं) आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकायची. गिऱ्हाईक राधानगरीपासून शिरोळपर्यंत पसरलेलं. शिरोळकडं उसाला पाणी पाजून पाजून ज्या रानांत मीठ फुटलं, तिथं बऱ्याच जणांनी ऊस सोडून तळी काढली, आणि तात्यांचा निम्मा माल तिकडंच जातो. तक्रारही तिथूनच सुरू झाली होती: पूर्वी वर्षात किलोला लागणारा रोहू आता सहाशे ग्रॅमच्या पुढं सरकत नाही. कटला ठीक, मृगळ ठीक, रोहूच तेवढा अडलाय.

मी पोचलो तेव्हा तात्यांनी चहाआधी विक्रेत्यानं दिलेला कागद पुढं केला. कागद खरा होता. प्रयोगशाळा खरी, शिक्का खरा, सहीसुद्धा खरी असावी. मी तो दोनदा वाचला. निष्कर्षाच्या ओळीत लिहिलं होतं, नमुना लेबिओ रोहिटा या प्रजातीचा आहे. बस्स.

हे डीएनए बारकोडिंग. पेशीतल्या मायटोकॉण्ड्रियामधल्या सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि मासा कुठल्या जातीचा ते सांगायचं. बाजारात एका माशाच्या नावाखाली दुसराच खपवतात का, हे पकडायला ही चाचणी उत्तम. वाढीबद्दल मात्र ती चकार शब्द बोलत नाही. शिवाय मायटोकॉण्ड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे आई रोहू आणि बाप कटला असला तरी कागदावर 'रोहू' असंच छापून येणार. थोडक्यात, तिप्पट दर मागितला होता तो रोहू हा रोहूच आहे याबद्दल. तात्या बराच वेळ हसले, मग गप्प झाले. इसार देऊन बसले होते, हे मला संध्याकाळी कळलं.

तात्यांचा प्रश्न मात्र मला त्या कागदापेक्षा महत्त्वाचा वाटला. "सर, उसात ८६०३२ आलं आन् सगळ्यांचं टनेज वाढलं. माशात तसं कुठलं बेणं हाय तेवढं सांगा, मी जाऊन आणतो."

कोल्हापूरच्या माणसाला बियाणं म्हटलं की ऊसच आठवणार, त्यात वावगं काही नाही. पण गल्लत इथंच होते. उसाचं बेणं म्हणजे त्याच उसाची कांडी. कोइमतूरच्या पैदास संस्थेत निवडलेला तो एक ऊस तोडून, लावून, पुन्हा तोडून आज आपल्या रानात उभा आहे. शेजाऱ्याचा ८६०३२ आणि तुमचा ८६०३२ रक्तानं एकच. माशाची कांडी लावता येत नाही. नर-मादी एकत्र येतात, दोघांची पानं पिसली जातात आणि प्रत्येक पिल्लाच्या हाती वेगळा डाव पडतो. चांगली जात आणली तरी ती पुढच्या पिढीत तशीच राहील याची हमी नाही. ती राखावी लागते, आणि तात्यांच्या तळ्यात काय बिघडलं याचं उत्तर त्या राखण्यातच होतं. पण ते पुढं.

"मग वाढीचा मार्कर नसतोच का?" पोरानं विचारलं. डिप्लोमा झालेला पोरगा, मोबाईलवर बरंच वाचून बसला होता.

मार्कर म्हणजे डीएनएवरची खूण. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडासारखी. ती गाव नव्हे, गावाच्या जवळपासची खूण. एखादा गुण एकाच जागेवर बेतलेला असेल तर जवळची खूण बघून माशाची निवड करता येते. याचं गाजलेलं उदाहरण सामन (सॅल्मन) माशाचं. त्याच्या पिल्लांना आयपीएन नावाचा विषाणूजन्य रोग होतो. कुठली पिल्लं त्यातून वाचतात यातला रक्तातून येणारा बहुतेक फरक एकाच गुणसूत्रावरच्या एका जागेमुळे पडतो, हे २००८-०९ च्या सुमाराला स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या संशोधकांनी दाखवलं. ती खूण पाहून निवडलेली अंडी नॉर्वेत वापरात आली आणि रोगाचा जोर उतरला. वाढीचं तसं नाही. ती शेकडो जागांवर विखुरलेली आहे, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. मोठे सामन प्रकल्प यासाठी हजारो मासे मोजतात, प्रत्येकाच्या डीएनएवरच्या हजारो खुणा वाचतात आणि सगळ्यांची बेरीज मांडून निवड करतात. रोहूच्या २५ जोड गुणसूत्रांचा आराखडाही आता वाचून झालाय. पण एका खुणेवर बोट ठेवून 'हा वाढणार' म्हणणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा विक्रेता.

(आणखी एक गोंधळ पोराच्या डोक्यात होता. अमेरिकेत २०१५ मध्ये मंजुरी मिळालेला झपाट्यानं वाढणारा सामन म्हणजे मार्करचा मासा, असं त्याला वाटत होतं. तो मासा वेगळाच. त्यात दुसऱ्या जातीच्या सामनचं वाढ-संप्रेरकाचं जनुक बाहेरून घातलेलं आहे. मार्कर माशात काही घालत नाही, आहे ते फक्त वाचतो.)

आणि आपल्याकडचा 'जयंती' रोहू? भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेला असलेल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं १९९२ मध्ये हे काम सुरू केलं. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज, गोमती अशा नद्यांतले रोहू आणि तळ्यातले रोहू एकत्र करून पायाभूत साठा उभा केला. स्वातंत्र्याची पन्नाशी होती म्हणून १९९७ मध्ये जातीला नाव पडलं जयंती. पहिल्या काही पिढ्यांत पिढीमागं साधारण १७ टक्के वाढ हाती लागली. यातली निवड झाली ती वजनकाटा, वंशाची वही आणि माशाच्या अंगात बसवलेले टॅग यांच्या जोरावर. मार्कर नंतर आले. त्याच संस्थेनं पुढं 'अमृत कटला' तयार करताना ते वापरले.

हे सगळं तात्यांना सांगून झालं आणि मी मूळ तक्रारीकडं वळलो, कारण रोहू वाढत नाही म्हणजे लगेच रक्त बिघडलं असं होत नाही.

शिरोळच्या चार तळ्यांवर जाऊन आलो. दोन तळी पाहताक्षणीच निकालात निघाली. एकानं एकरी वीस हजार बोटुकली सोडली होती. तीन-चार हजारांच्या जागी वीस! त्यात खायला भाताचा कोंडा, तोही आठवड्यातून आठवणीनं. तिथं कुठलाही मासा सहाशेला आला हेच नवल. दुसऱ्याचं पाणी काचेसारखं नितळ, म्हणजे माशानं खायचं शेवाळच नाही. या दोघांची तक्रार तात्यांच्या बियाण्याशी नव्हती, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. उरलेल्या दोन तळ्यांत मात्र सगळं रीतीप्रमाणं होतं. शेंगदाण्याची पेंड, कोंडा, शेण, चुना. कटला नऊशेला आलेला, आणि शेजारी रोहू साडेपाचशे. हे खटकणारं होतं.

म्हणून आधी बिनखर्चाचा प्रयोग केला. जयंतीचा साठा ठेवणाऱ्या एका बाहेरच्या हॅचरीतून सारख्या वयाची, सारख्या मापाची बोटुकली आणली. ओळखीसाठी तात्यांच्या दोनशे बोटुकल्यांचा पोटाखालचा डावा पर छाटला, पाहुण्यांच्या दोनशेंचा उजवा. दोन्ही एकाच तळ्यात, एकच खाद्य. ऑगस्टला सोडली, जानेवारीत जाळं ओढलं. पाहुणे सरासरी ३१० ग्रॅम, घरचे २३०.

तात्या काट्याकडं बघत राहिले. "आपल्याच तळ्यात आपलीच पोरं मागं पडली व्हय?"

आता रक्ताकडं बघायला हरकत नव्हती.

ब्रूडरची वही मागितली. वही होती, पण त्यात तारखा, इंजेक्शनचे डोस आणि किती जिरं कुणाला विकलं एवढंच. कुठला नर, कुठली मादी, ती कुठून आली, काही नाही. यात तात्यांना दोष देता येत नाही. महाराष्ट्रात अशा नोंदी ठेवणाऱ्या खाजगी हॅचऱ्या मी बोटावर मोजण्याइतक्या पाहिल्या.

अडचणीचं मूळ रोहूच्या सुपीकपणात आहे. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधुरींनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना तळ्यात वीण करायला लावलं, तोवर बियाणं नदीतून गोळा करावं लागे. नदीच्या बियाण्यात हजारो आईबापांची पोरं मिसळलेली असत. इंजेक्शन आलं आणि हॅचरीवाल्याच्या हातात मुबलक माल आला, कारण मादी किलोमागं साधारण दोन लाख अंडी देते. अडीच किलोच्या दोन माद्या नीट विणल्या तरी गावाची गरज भागते. मग तिसरी मादी का पाळायची? तिला खायला कोण घालणार? हिशेब बरोबर, परिणाम वाईट. दरवर्षी मोजक्या आईबापांची पोरं, त्यांतलेच पुढचे आईबाप, आणि त्यांची पुन्हा पोरं. भावंडांत लग्नं लावायची नाहीत हे आपण माणसांत पाळतो, तळ्यात कोण पाळतो?

ही गोष्ट नवी नाही. शेजारच्या कर्नाटकातल्या कार्प हॅचऱ्यांचा असाच हिशेब अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉईल या संशोधकांनी मांडला होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या विणीचा, दर २ ते १७ टक्क्यांपर्यंत आढळला. तीस वर्षांपूर्वी सीमेपलीकडं जे दिसलं, ते अलीकडं नसेल असं मानायला मला कारण दिसत नव्हतं.

दुसरी भानगड आखाडाची. रोहूची वीण आणि कोल्हापूरचा आखाड एकाच वेळी येतात. आखाडात तात्यांच्या दारात गिऱ्हाईक उभं राहतं आणि त्याला मोठा मासा हवा असतो. तात्या तळ्यात जाळं ओढायचे, दोन-अडीच किलोचे विकायचे आणि उरलेल्यांतून ब्रूडर ठेवायचे. पंधरा-सोळा वर्षं. वेगानं वाढलेला मासा रश्श्यात, मागं राहिलेला हॅचरीत. ही उलटी निवड कुणी ठरवून केली नव्हती, पण निवड ती निवडच.

ती किती वेगानं काम करते, हे समजायला एक सोपा हिशेब पोराला वहीत करून दाखवला. तळ्यातला सरासरी रोहू ७०० ग्रॅम, निवडलेल्या आईबापांची सरासरी १,००० ग्रॅम. फरक ३०० ग्रॅम. वाढीतला साधारण पाव हिस्सा रक्तातून पुढं जातो असं धरलं, तर पुढची पिढी ७५ ग्रॅमनं वर. आता हेच उलटं करा. मोठे विकून ६०० ग्रॅम सरासरीचे ठेवले, तर पुढची पिढी २५ ग्रॅमनं खाली. एका वर्षात कुणाला कळत नाही. दहा वर्षांत कळतं, आणि तोवर 'पाणी बिघडलं' म्हणून पाण्याला शिव्या घालून झालेल्या असतात.

तिसरी गोष्ट २०१९ चा पूर. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या पुढं मजल मारली, आणि भोगावतीच्या काठच्या तात्यांच्या दोन्ही ब्रूडर तळ्यांचे बांध पाण्याखाली गेले. पाणी उतरल्यावर जे मासे उरले त्यांनाच ब्रूडर मानलं. कुठल्या तळ्यातला कुठं गेला, बाहेरून काय आलं, कुणी बघितलंच नाही. घरात चिखल होता तेव्हा माशांची जात कोण बघणार?

आता मार्करची पाळी. वाढणारा मासा त्यांनी दाखवावा ही अपेक्षा नव्हतीच. कोण कुणाचं, एवढंच त्यांनी सांगायचं होतं.

आमच्या भागात सुगी झाली की हेळवी येतात. बैल घेऊन दारात उभे राहतात आणि घरातल्या म्हाताऱ्यालाही आठवत नसलेले सात पिढ्यांचे पुरुष नावानिशी म्हणून दाखवतात. तात्यांना मी एवढंच म्हटलं, "तात्या, हे मार्कर म्हणजे माशांचे हेळवी." त्यापुढं समजावायला फार शब्द लागले नाहीत.

ज्या खुणा वापरल्या त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं तोतऱ्यासारखी पुन्हा पुन्हा येतात, आणि ती किती वेळा येतात हे माशामाशात बदलतं, म्हणून त्या तुकड्याची लांबी बदलते. प्रत्येक जागी माशाकडं दोन लांब्या, एक आईची, एक बापाची. समजा एका जागी आईचे आकडे १८२ आणि १९०, बापाचे १९६ आणि २०४. पोराकडं १८२–२०४ असेल तर जमतं. १८२–१९० निघाले तर हा बाप त्याचा नव्हे. एका जागेवरून खात्री होत नाही, पण अशा दहा जागा एकत्र पाहिल्या की गर्दीतून आईबाप बाहेर येतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नमुने घेतले. तात्यांचे सगळे ३४ रोहू ब्रूडर (१५ माद्या, १९ नर) आणि त्याच पावसाळ्यातल्या एका बॅचच्या ६० बोटुकल्या. मासा लवंग तेलाच्या पाण्यात दोन मिनिटं सोडला की सुस्तावतो. शेपटीच्या पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कात्रीनं घ्यायचा, अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकायचा, कात्री पुसून आचेवर धरायची, पुढचा मासा. पर पुन्हा फुटतो. पहिल्या दिवशी ५० बाटल्या भरल्या आणि मी मूर्खासारखी बॉलपेननं लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकीत टाकली. रात्री घरी जाऊन पेटी उघडली तर अल्कोहोल निळं आणि चिठ्ठ्या कोऱ्या. वीस वर्षं विद्यार्थ्यांना पेन्सिलनं लिहा म्हणून सांगणारा मी. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळं, पुन्हा लवंग तेल, या खेपेला पेन्सिल. तात्यांच्या कारभारणीनं सकाळी भाकरी वाढताना एवढंच विचारलं, "सर, आज तरी शाई पक्की हाय न्हवं?"

अहवाल एप्रिलमध्ये आला. तात्यांच्या आठवणीप्रमाणं त्या बॅचला ६ माद्या आणि ८ नर टोचले होते, आणि त्यांनी त्यातून चार लाख जिरं विकलं होतं. ६० पैकी ४९ बोटुकल्या दोनच माद्यांच्या निघाल्या, आणि या ४९ चे बाप तीन. बाकीच्या माद्या एकतर विणल्याच नव्हत्या किंवा त्यांची अंडी वाया गेली होती. गोल हौदात सगळ्यांना एकत्र सोडलं की बाहेरून हे दिसत नाही. अंडी भरपूर आली, हौद भरला, सगळे खूष.

हिशेब असा. चारला नर आणि माद्यांच्या संख्येनं गुणायचं, दोन्हींच्या बेरजेनं भागायचं. ६ माद्या आणि ८ नर म्हणजे खऱ्या अर्थानं पिढी घडवणारे सुमारे १४ मासे, आणि त्यांच्यामागं अंतःप्रजनन पिढीला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतं. २ माद्या आणि ३ नर म्हणजे पाचसुद्धा नाहीत, आणि वाढ दहा टक्क्यांच्या वर. तात्यांना वाटत होतं आपण १४ मासे वापरतोय. प्रत्यक्षात पाच. त्यातही त्या दोन माद्यांचे आकडे इतके जुळत होते की त्या सख्ख्या बहिणी असाव्यात.

शेवटच्या पानावर आणखी एक ओळ होती: ३४ ब्रूडरपैकी तिघांकडं कटल्याच्या लांब्या. म्हणजे संकर. कटला आणि रोहूचा संकर वांझ नसतो, त्यामुळं तो गुपचूप पुढं चालू राहतो. यादीतले क्रमांक बघून तात्यांचा पोरगा तळ्यावर गेला आणि तिन्ही मासे काढून आणले. तात्यांनी त्यांना वर्षानुवर्षं 'डोकेवाला रोहू' म्हणून ओळखलं होतं. डोकं मोठं, बाकी रोहू. मासा ताकदीचा वाटतो म्हणून ते त्याला मुद्दाम ठेवत. पुरात आला की हौदात जन्मला, हे आता कुणाला सांगता येणार नाही. आई रोहू असली, तर विक्रेत्याच्या त्या बारकोड चाचणीनं या तिघांना 'रोहू' म्हणून सहज पास केलं असतं.

पुढं काय करायचं यावर तात्यांचं आणि माझं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, सगळं जुनं काढा, जयंती आणा, मोकळे व्हा. माझं म्हणणं, आणा जरूर, पण हीच पद्धत चालू ठेवली तर पाच वर्षांत जयंतीचंही हेच होईल. तडजोड अशी झाली की बाहेरून १० माद्या आणि १० नर आणायचे, जुन्यांतून ज्यांचे आकडे एकमेकांशी सगळ्यांत कमी जुळतात अशा ५ माद्या आणि ५ नर ठेवायचे, आणि बाकी विकून टाकायचे. शिवाय गोल हौदात घाऊक सोडणं बंद. प्रत्येक जोडी तिच्या हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत.

जुलै २०२३ मध्ये १५ जोड्या दोन दिवसांत टोचल्या. जुन्या माद्यांना नवे नर, नव्यांतल्या काहींना जुने. तीन जोड्या विणल्या नाहीत. राहिली बारा कुटुंबं. प्रत्येकातली बरोबर ३०० बोटुकली मोजून एकाच तळ्यात मिसळली.

मार्कर वाढीच्या कामी येतात ते नेमकं इथं, म्हणून थोडं थांबतो. जुन्या पद्धतीत कुटुंबं ओळखायची तर प्रत्येकाची पिल्लं टॅग बसवण्याइतकी मोठी होईपर्यंत वेगळ्या टाकीत वाढवावी लागत. टाकी टाकीत फरक पडतो. एकीला सावली, दुसरीला ऊन. मग जे कुटुंब पुढं दिसतं ते रक्तानं पुढं की टाकीनं, हे सांगता येत नाही. शिवाय बारा टाक्या तात्यांकडं कुठून येणार? पराच्या तुकड्यावरून आईबाप कळत असतील तर सगळ्यांना पहिल्या महिन्यापासून एकाच तळ्यात, एकाच पाण्यात झुंजू देता येतं. कुस्ती एकाच मातीत होते.

जानेवारी २०२४ मध्ये तळं ओढलं. दीड दिवस नुसतं वजन. वरचे १२० मासे निवडले, प्रत्येकाच्या अंगात काचेचा बारीक टॅग बसवला आणि पराचा तुकडा घेतला. मग अहवालाची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लावली. सगळ्यांत मोठा मासा घ्या, पुढचा बघा, त्याच्या कुटुंबाचे पाच आधीच घेतलेले असतील तर सोडा, त्यापुढचा बघा. असं खाली खाली चालत जायचं. या पद्धतीला 'वॉक-बॅक' म्हणतात आणि ती १९९० च्या दशकात मांडणाऱ्यांत वर आलेले डॉईलच होते. छोट्या हॅचरीला परवडेल अशी दुसरी पद्धत मला ठाऊक नाही.

पहिल्या वीस माशांतले नऊ एकाच कुटुंबाचे होते. डोळ्यानं निवड केली असती तर आम्ही नऊ भावंडं ठेवून त्यांचीच लग्नं लावली असती, आणि बियाणं सुधारलं म्हणून पेढेही वाटले असते. यादीतून उतरत गेल्यावर ११ कुटुंबांचे ४४ मासे उरले. बाराव्या कुटुंबाचा एकही वरच्या १२० मध्ये नव्हता.

तात्यांना धक्का दुसऱ्या क्रमांकाच्या कुटुंबाचा बसला. पहिलं कुटुंब दोन्हीकडून जयंतीचं होतं, ते अपेक्षितच. दुसऱ्याची आई मात्र तात्यांची जुनी मादी. बाप नवा. यावरून ती मादी थोर होती असं मी म्हणणार नाही, दोन लांबची रक्तं एकत्र आली की पहिल्या पिढीला उभारी येते. पण तात्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या डोक्यात एवढंच राहिलं, की सगळं जुनं विकायला निघालो होतो.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या अहवालाचा खर्च तात्यांनी केला, दुसऱ्याचा तीन हॅचरीवाल्यांनी मिळून. त्या बदल्यात तिघांत नरांची अदलाबदल ठरली, म्हणजे प्रत्येकाला दर पिढीला बाहेरचं रक्त. दरवर्षी डीएनए करायची गरज नाही, पिढीला एकदा पुरे. ४४ मासेही माझ्या मते काठावरचेच आहेत. २५ नर आणि २५ माद्या सारख्या विणल्या तर अंतःप्रजनन पिढीला एक टक्क्यावर राहतं, तिथं पोचायचं अजून बाकी आहे. शिरोळच्या त्या दोन तळ्यांना नव्या ब्रूडरचं बियाणं २०२५ च्या पावसाळ्यात गेलं. त्यांचा माल निघेल तेव्हा आकडे कळतील, आज लिहिणं घाईचं होईल.

त्याच आखाडात मी हॅचरीवर होतो. पाऊस उघडला होता, दारात दोन गाड्या उभ्या, जाळं काठाला आलेलं. एका गिऱ्हाइकानं क्रेटमधल्या दोन किलोवरच्या मादीवर बोट ठेवलं. तात्यांनी टॅग वाचायचं यंत्र तिच्या पाठीवरून फिरवलं, आकडा बघितला, खिशातली वही काढून पान उलटलं आणि मादी दोन्ही हातांनी उचलून परत पाण्यात सोडली.

"ती न्हाई पावनं. दुसरी घ्या. हिचं नाव वहीत हाय."

"मोठी तीच हाय की ओ तात्या."

"म्हणूनच," तात्या म्हणाले आणि जाळ्याचं दुसरं टोक ओढायला वाकले.